यादी कशाची ठेवायची?

आमच्या मामांनी महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात उभी हयात काढली. आकडा दिसला की त्याचं एकक बघायचं आणि एकक दिसलं की गुणाकार करायचा, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. रक्ततपासणीच्या कागदावर ‘ईजीएफआर 78’ असं आलं तेव्हा घरच्यांनी ‘किडनी अठ्ठ्याहत्तर टक्के चालू’ असा अर्थ लावून सुटकेचा श्वास टाकला. मामांनी मात्र चष्मा पुसून पुढची बारीक अक्षरं वाचली: मिलीलिटर प्रति मिनिट. मुक्ता, माझी मावसबहीण, वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्या दोघांचं पुढे जे जुंपलं ते जमेल तसं टिपून घेतलं आहे. मधूनमधून माझं मत डोकावेल, त्याला इलाज नाही.

मामा: मिनिटाला 78 मिलीलिटर, गुणिले 1440. एकशे बारा लिटर दिवसाला! मुक्ते, छापताना कुणाचा तरी दशांशचिन्हाचा घोळ झालाय.

मुक्ता: घोळ नाही, मामा. किडन्या मिनिटाला किती द्रव गाळतात त्याचा हा अंदाज. तुमच्या वयाला हा आकडा ठीकच आहे. तरण्याताठ्या माणसाचा सव्वाशेच्या घरात असतो. म्हणजे दिवसाला 180 लिटर.

मामा: शहरात दरडोई पाणी किती द्यायचं, ठाऊक आहे तुला? 135 लिटर. अंघोळ, धुणीभांडी, संडास, पिणं, सगळं धरून. आणि तू सांगतेस की माणूस त्याहून जास्त पाणी पोटातल्या पोटात गाळतो? बरं, त्यातलं बाहेर किती टाकतो?

मुक्ता: दीड लिटर. थोडं इकडेतिकडे.

मामा: आणि उरलेलं?

मुक्ता: परत रक्तात.

मामा: म्हणजे दीड लिटर सांडपाणी काढायला 180 लिटर उपसायचं आणि साडेअठ्ठ्याहत्तरावर शंभर लिटर पुन्हा टाकीत चढवायचं. असा प्रकल्प मी स्थायी समितीपुढे नेला असता ना, तर फाइल माझ्या अंगावर आली असती. शिवाय अंगात रक्त असतं पाच लिटर. 180 आणलंस कुठून?

मुक्ता: त्या पाचातला पातळ भाग, प्लाझ्मा, तीनच लिटर. तोच तो पुन्हा पुन्हा गाळला जातो, दिवसातून साठएक वेळा. दोन्ही किडन्यांचं वजन मिळून 300 ग्रॅम, शरीराच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा त्यांच्याकडे वळतो. मिनिटाला एक लिटरहून जास्त. मेंदूलाही इतकं जात नाही.

मामा: इतकी भूक?

मुक्ता: भूक नाही, काम. नुसतं जगायला त्यांना यातलं थोडकंच रक्त पुरलं असतं. बाकीचं येतं ते गाळून घ्यायला. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात. प्रत्येकाच्या तोंडाशी केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, केशिकागुच्छ म्हणतो आम्ही. त्याला वेढून एक पेल्यासारखी पिशवी, आणि पिशवीतून पुढे निघालेली लांब नळी. गुच्छात रक्त येतं, त्यातलं पाणी आणि पाण्यात विरघळलेलं बारीकसारीक सगळं पिशवीत झिरपतं. रक्तपेशी आणि प्रथिनं आतच राहतात.

मामा: दाब कुठून आणता? पंप दिसत नाही कुठे.

मुक्ता: पंप हृदय. किडनीला त्यासाठी वेगळी ऊर्जा लागत नाही. पण यातली खुबी तुम्हाला आवडेल. शरीरात इतरत्र बारीक धमनीतून रक्त केशिकांत जातं आणि पुढे शिरेत. इथे केशिकांच्या आधीही बारीक धमनी आहे आणि नंतरही. दोन्ही आकुंचन पावू शकतात.

मामा: म्हणजे आवकेला व्हॉल्व्ह, जावकेलाही व्हॉल्व्ह. जावक थोडी आवळली की मधला दाब चढतो.

मुक्ता: बरोबर. म्हणून त्या गुच्छात पाऱ्याच्या 60 मिलीमीटरइतका दाब टिकतो. इतर केशिकांच्या दुप्पट-तिप्पट. त्याच्याविरुद्ध पिशवीतल्या द्रवाचा दाब 18, आणि रक्तातली प्रथिनं पाणी धरून ठेवतात त्याचा 32. बाकी उरली दहा.

मामा: दहा मिलीमीटर पारा म्हणजे जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर पाण्याचा हेड! एवढ्यावर 180 लिटर? मग गाळणीचं क्षेत्रफळ भलतंच मोठं हवं. आणि ती चोंदत कशी नाही? आमचे वाळूचे फिल्टर दर दिवसा-दोन दिवसांनी उलटं पाणी सोडून धुवावे लागतात.

मुक्ता: ही वाळूसारखी गाळणी नाही. तीन थर आहेत. आतला पेशींचा, भोकाभोकांचा. मधे एक चिकट पापुद्रा. बाहेरून पायांसारखे फाटे असलेल्या पेशी, एकमेकींत बोटं गुंतवल्यासारख्या. त्या बोटांमधल्या फटींत आणखी एक नाजूक जाळी. शिवाय या थरांवर ऋण विद्युतभार असतो. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन आकारानं तसं लहानच, पण त्याच्यावरही ऋण भार. त्यामुळे आकारानं निसटू शकेल तेही मागे लोटलं जातं. अडकलेला गाळ खाणाऱ्या पेशी गुच्छातच वस्तीला असतात. ही व्यवस्था बिघडली की लघवीत प्रथिनं यायला लागतात, फेस राहतो.

मामा: ठीक. गाळण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते काम फुकटात होतंय. तक्रार पुढच्या भागाची आहे. गाळलेल्यात काय काय जातं?

मुक्ता: साखर. दिवसाला 180 ग्रॅम. अमिनो आम्लं. कॅल्शियम, पोटॅशियम. आणि मीठ, दीड किलोच्या आसपास.

मामा: दीड किलो मीठ! आपण दिवसाला खातो चमचा-दोन चमचे.

मुक्ता: आणि तेवढंच लघवीतून जातं. उरलेलं नळ्या परत घेतात. साखर तर सगळीच्या सगळी, रक्तातली साखर 180 च्या वर चढली नाही तोवर. पाणी 99 टक्के. पहिल्या वळणावळणाच्या भागातच दोनतृतीयांश माल वसूल होतो.

मामा: आणि ही वसुली फुकट नसणार.

मुक्ता: नाही. नळीच्या पेशींच्या मागच्या अंगाला सोडियम बाहेर ढकलणारे पंप असतात, ते अहोरात्र चालू. बाकीचे बहुतेक पदार्थ सोडियमच्या पाठीवर बसून परततात, पाणी त्यांच्या मागोमाग. शरीर विश्रांतीत जेवढा प्राणवायू वापरतं त्यातला सात-आठ टक्के या 300 ग्रॅमला लागतो. त्यातला बराचसा याच कामात खर्च होतो.

मामा: मग हेच तर म्हणतोय! घाण कोणती ते माहीत असताना आख्खा माल बाहेर काढून पुन्हा आत भरायचा कशाला? युरिया उचला, क्रिएटिनिन उचला, आम्ल उचला, बाहेर टाका. संपलं.

इथे मुक्ता हसली. मामांना वाटलं आपण बावळट काहीतरी बोललो. पण ती म्हणाली की हीच शंका एका फार मोठ्या माणसाला आली होती, आणि तिच्यापायी शास्त्रात ऐंशी वर्षं भांडण चाललं. मला या चर्चेतला हाच भाग सर्वांत रंगतदार वाटला, म्हणून तो जरा सविस्तर देतो.

मुक्ता: वर्ष 1842. दोन तरुण, दोघेही 1816 साली जन्मलेले. लंडनमध्ये विल्यम बोमन आणि जर्मनीत मारबुर्गला कार्ल लुडविग. केशिकागुच्छ त्याआधी पावणेदोनशे वर्षांपूर्वी इटलीच्या मालपिगीनं पाहिले होते, पण ते कुठे उघडतात हे कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. बोमननं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की गुच्छाभोवतीची पिशवी आणि लघवीची नळी एकच आहे. त्याचा तर्क असा की गुच्छातून नुसतं पाणी येतं, आणि नळीच्या पेशी रक्तातून घाण निवडून त्या पाण्यात सोडतात. म्हणजे अगदी तुमची योजना.

मामा: शहाणा माणूस.

मुक्ता: त्याच वर्षी लुडविग म्हणाला, निवडणं-बिवडणं काही नाही. दाबामुळे सगळं गाळलं जातं आणि नळीतून जाताना पाणी परत शोषलं जातं. भौतिकशास्त्राचे नियम पुरेसे आहेत, जिवंत पेशींच्या जादूची गरज नाही. त्यावर 1874 मध्ये ब्रेस्लाऊच्या रुडॉल्फ हायडेनहाइननं प्रतिहल्ला केला. सशाच्या रक्तात निळा रंग टोचला आणि थोड्या वेळानं किडनी कापून बघितली. निळा रंग नळीच्या पेशींत भरलेला, गुच्छ मात्र कोरे. शिवाय त्यानं गणित मांडलं, तुमच्यासारखंच. माणूस रोज जेवढा युरिया टाकतो तेवढा नुसत्या गाळण्यानं बाहेर पडायचा तर रक्तातून बादल्याच्या बादल्या द्रव गाळावा लागेल. इतकं रक्त किडनीकडे जाणं आणि इतकं पाणी परत येणं शक्यच नाही. सबब लुडविग चूक.

मामा: गणित बरोबर होतं?

मुक्ता: गणित बरोबर होतं. ‘शक्यच नाही’ एवढं चुकलं. उलट खरा आकडा त्याच्या अशक्य आकड्याहून मोठा निघाला.

मामा: ठरलं कसं शेवटी?

मुक्ता: बेडकानं ठरवलं. त्याआधी 1917 साली आर्थर कुशनी या स्कॉटिश शास्त्रज्ञानं लुडविगची बाजू नव्यानं मांडून एक आख्खं पुस्तक लिहिलं होतं, पण थेट पुरावा नव्हता. तो दिला अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिचर्ड्स आणि वर्न यांनी, 1924 मध्ये. बेडकाचा केशिकागुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. काचेची नळी तापवून, ओढून सुईहून कितीतरी बारीक करायची, ती त्या एका पिशवीत खुपसायची आणि आतला थेंबाचा जेमतेम अंश असलेला द्रव ओढून घ्यायचा. त्यात साखर सापडली, मीठ सापडलं. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या लघवीत मात्र साखर नव्हती, मीठही जवळपास नव्हतं.

मामा: म्हणजे टाकीच्या तोंडाशी नमुना घेतला आणि शेवटच्या नळाला नमुना घेतला. मधे काय झालं ते फरकात दिसलं. वा! पाणी तपासायची हीच रीत.

मुक्ता: तेव्हापासून गाळणं आणि परत घेणं हे दोन्ही पक्कं झालं.

मामा: आणि तो निळा रंगवाला? तो साफ हरला?

मुक्ता: नाही ना. तीच गंमत आहे. 1923 मध्ये बाल्टिमोरला इली मार्शल यांनी कुत्र्याला एक लाल रंगद्रव्य टोचून हिशोब केला. जेवढं गाळलं जाणं शक्य होतं त्याहून कितीतरी जास्त लघवीत उतरत होतं. म्हणजे नळीच्या पेशी ते रक्तातून उचलून आत टाकत होत्या. पुढे त्यांनी टोडफिश नावाचा एक समुद्री मासा घेतला. त्याच्या किडनीत केशिकागुच्छच नाहीत, नुसत्या नळ्या. तरी तो लघवी करतो.

मामा: (टाळी वाजवून) मग! गाळणीशिवाय किडनी चालते. मासा माझ्या बाजूचा.

मुक्ता: आणि पेनिसिलीनही तुमच्या बाजूचं. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये एका पोलीस शिपायाला पहिल्यांदा ते दिलं, तेव्हा औषध इतकं थोडं होतं की त्याच्या लघवीतून काढून पुन्हा त्यालाच टोचत होते. तरी पुरलं नाही, तो गेला. पेनिसिलीन इतक्या झपाट्यानं बाहेर पडतं कारण ते नुसतं गाळलं जात नाही. नळ्या त्याला ओढून ओढून बाहेर टाकतात.

मामा: मग हाच रस्ता सगळ्यांसाठी का नाही? आता तूच सिद्ध केलंस की निवडून टाकणं जमतं.

मुक्ता: मामा, तुमच्या जलशुद्धीकरण केंद्रात नदीच्या पाण्याचं काय करता?

मामा: तुरटी टाकून गढूळपणा बसवतो, वाळूतून गाळतो, क्लोरीन देऊन जंतू मारतो.

मुक्ता: आणि पाण्यात शेतातलं एखादं कीटकनाशक विरघळून आलं असेल तर?

मामा: (थोडं थांबून) ते तुरटीनं बसत नाही. वाळूतून निघून जातं. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. आणि आधी तपासणी लागते, काय आलंय त्याची.

मुक्ता: म्हणजे तुमच्या यादीत जे आहे ते निघतं. यादीत नाही ते थेट नळाला. निवडून टाकायचं म्हटलं की घाणीची यादी आधी हवी. शरीराला ती कुठून मिळणार? एखादी नवी रानभाजी खाल्ली, तिच्यात पूर्वजांनी कधी न चाखलेलं एखादं रसायन असलं, तर त्याच्यासाठी दरवाजा कोण बांधून ठेवणार? किडनीनं उलटी यादी ठेवली आहे: आपल्याला काय हवंय त्याची. साखर, मीठ, पाणी, अमिनो आम्लं, ठरावीक क्षार. आधी सगळंच दाराबाहेर काढायचं आणि यादीतलं तेवढं परत घ्यायचं. यादीत नसलेल्याला कुणी हाकलत नाही, त्याला कुणी परत बोलावत नाही इतकंच. क्रिएटिनिन जवळपास असंच जातं.

मामा गप्प बसले. मला वाटलं संपलं. पण पाणीपुरवठ्यात हयात काढलेला माणूस एका युक्तिवादानं गप्प बसत नाही, शांतपणे दुसरीकडून पाइप टाकतो.

मामा: ऐकायला छान आहे. पण हे सगळ्या विषांना लागू आहे? झिरपतच नसेल असं काही असेल की.

मुक्ता: आहे. जे पदार्थ रक्तातल्या अल्ब्युमिनला घट्ट चिकटून बसतात ते गाळणीतून जात नाहीत. आणि जे चरबीत विरघळतात ते नळीत उतरले तरी भिंतीतून आपोआप परत रक्तात येतात, त्यांना कुणी बोलवावं लागत नाही. त्यांना आधी यकृतानं पाण्यात विरघळण्याजोगं करावं लागतं.

मामा: म्हणजे तुझी उलटी यादी गळकी आहे.

मुक्ता: थोडी. म्हणूनच नळ्यांमध्ये ते उचलून टाकणारे दरवाजे आहेत. तेही एकेका विषाला एक असे नाहीत; साधारण एका घडणीचे पदार्थ घेणारे रुंद दरवाजे आहेत, म्हणून तर बुरशीतून आलेलं पेनिसिलीन त्यांच्यातून जातं. पण एवढं मान्य की नुसत्या गाळण्यावर भागलं नसतं.

मामा: आता मला सांग, हे आलं कुठून? कुणीतरी विचार करून तर आखलेलं नाही.

मुक्ता: न्यूयॉर्कला होमर स्मिथ म्हणून शास्त्रज्ञ होते, किडनीचं काम मोजण्याच्या पद्धती घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. 1953 सालच्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी मांडलं की केशिकागुच्छ ही गोड्या पाण्यातल्या माशांची गरज होती. अंगातलं मीठ जास्त, भोवती गोडं पाणी. त्यामुळे पाणी सतत अंगात शिरतं. ते उपसून टाकायला भरपूर गाळणारं यंत्र हवं. पुढे काही मासे खाऱ्या समुद्रात गेले, तिथे पाणी राखायची वेळ आली. टोडफिशसारख्यांनी गुच्छच सोडून दिले.

मामा: आणि आपण जमिनीवर आलो ते जुनं यंत्र घेऊन! मग माझंच म्हणणं खरं ठरलं. उपसा करण्यासाठी बांधलेलं यंत्र, आता उन्हातान्हात पाणी वाचवायला लावलंय. गावाची जुनी लाइन नव्या शहराला जोडली आहे आणि वर त्याला थोर आखणी म्हणायचं.

मुक्ता: स्मिथ यांचं ते गोडं पाणी सगळ्यांना पटलेलं नाही. पण तुमचा मुद्दा तेवढ्यावर पडत नाही, हे मी मान्य करते. फक्त एक गोष्ट बघा. जमिनीवर आल्यावर हे गाळणं कमी व्हायला हवं होतं ना? बेडूक, सरडे यांच्या मानानं सस्तन प्राणी कितीतरी जास्त गाळतात. गरम रक्त, जास्त खाणं, जास्त कचरा. जुनी लाइन नुसती ओढून आणलेली नाही, मोठी केलीय. आणि पाणी वाचवायची सोय शेवटी जोडलीय.

मामा: ती कशी?

मुक्ता: नळी पुढे जाऊन किडनीच्या गाभ्यात खोल उतरते, वळते आणि वर येते. हेन्लेचा वळसा. उतरत्या बाजूतून पाणी बाहेर जाऊ शकतं, मीठ फारसं नाही. चढत्या बाजूतून मीठ बाहेर काढलं जातं, पाणी नाही. दोन्ही नळ्या शेजारी, प्रवाह उलट दिशांचे. त्यामुळे वर थोडासा असलेला खारेपणाचा फरक खाली जाता जाता साठत जातो. वर रक्ताइतका खारट असलेला गाभा तळाशी त्याच्या चौपट होतो. स्वित्झर्लंडमध्ये वेर्नर कून या रसायनशास्त्रज्ञानं 1942 मध्ये हे सुचवलं. आकृती पाहून डॉक्टरांच्या आधी रसायनवाल्याला कळलं.

मामा: उलट्या दिशेचे प्रवाह! कारखान्यातल्या उष्णता-विनिमयाच्या यंत्रात हेच असतं.

मुक्ता: तिथूनच त्याला सुचलं म्हणतात. आता शेवटची नळी, जी लघवी गोळा करते, तीही याच खारट गाभ्यातून खाली उतरते. मेंदूनं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक सोडलं की तिच्या भिंतीत पाण्याचे बारीक दरवाजे उघडतात. पाणी खारट बाजूला ओढलं जाऊन परत रक्तात, आणि लघवी चौपट घट्ट. संप्रेरक थांबलं की दरवाजे मिटले, पातळ लघवी तशीच बाहेर. भर उन्हात पाणी न मिळालेला माणूस अर्धा लिटर लघवीत दिवसाचा कचरा बसवू शकतो. आणि लिटरभर पाणी प्यायला तर दोन-तीन तासांत जादा पाणी बाहेर. हे इतक्या पटकन जमतं कारण मिनिटाला सव्वाशे मिलीलिटर हातातून जातंय. परत घेण्यात अर्ध्या टक्क्याचा फरक केला तरी दिवसाला जवळपास लिटरभराचा फेर पडतो. तुम्ही ज्याला वाया गेलेला उपसा म्हणता, त्यामुळेच नियंत्रण इतकं बारीक आहे.

मामा: अर्ध्या टक्क्यात लिटर इकडचं तिकडे! म्हणजे चूकही तेवढीच महाग पडणार. बरं, त्या खारट गाभ्याला रक्त कितपत मिळतं?

(हा प्रश्न त्यांना कसा सुचला कोण जाणे. मुक्ताच्या चेहऱ्यावरून कळलं की नेमकं दुखऱ्या जागी बोट पडलं.)

मुक्ता: कमी. फार कमी. तिथे जोरात रक्त खेळलं तर साठवलेला खारटपणा धुऊन जाईल. म्हणून प्रवाह मंद ठेवलाय. त्यामुळे प्राणवायूही तुटपुंजा, आणि वळशाच्या जाड चढत्या भागाचे पंप तर तिथेच राबतात. रक्तदाब कोसळला, जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं, की पहिला फटका त्या भागाला बसतो.

मामा: बघ. राबवायचं सर्वांत जास्त आणि खायला सर्वांत कमी.

मुक्ता: आणि मामा, गुडघ्यासाठी तुम्ही अधूनमधून ज्या गोळ्या घेता ना, त्यासुद्धा. तुमच्या भाषेत आवकेचा व्हॉल्व्ह उघडा ठेवणारी काही रसायनं किडनी स्वतः बनवते. वेदनाशामक गोळ्या तीच बंद करतात. अंगात पाणी पुरेसं असताना एखादी गोळी निभावते. उन्हाळ्यात पाणी कमी पिऊन, रक्तदाबाच्या औषधांवर, रोज घेतली की आवक आवळते.

मामा: हे तू मला आज सांगतेस?

मुक्ता: दिवाळीतही सांगितलं होतं.

मामा: (विषय बदलत) सुटे भाग तरी मिळतात का? फुटलेला नेफ्रॉन नवा होतो?

मुक्ता: नाही. जन्माच्या महिनाभर आधीच नवे बनणं बंद होतं. कुणाला जास्त मिळतात, कुणाला कमी. वजन कमी घेऊन जन्मलेल्या बाळाला बहुधा कमी. चाळिशीनंतर गाळण्याचा वेग वर्षाला साधारण मिलीलिटरभर घटत जातो. तुमचे 78 त्यातलेच बहुतेक.

मामा: आणि उरलेल्यांवर बोजा.

मुक्ता: हो. एक किडनी दान केली तर उरलेली आपलं काम वाढवते आणि दोघींनी मिळून केलेल्या कामाच्या सत्तरएक टक्क्यांपर्यंत पोचते. निरोगी माणसाला ते पुरतं. पण आजारानं नेफ्रॉन मरत गेले की उरलेले दाब वाढवून जादा गाळतात, आणि त्याच दाबानं स्वतः झिजतात. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला बॅरी ब्रेनर यांनी हे ठामपणे मांडलं. म्हणून बराच काळ क्रिएटिनिन ठीकठाक दिसतं. अर्धं काम बुडालं तरी ते फारसं हलत नाही.

मामा: म्हणजे पाइप फुटत चालले तरी मीटर ‘सर्व ठीक’ दाखवतोय. मग कळायचं कसं?

मुक्ता: लघवीतलं अल्ब्युमिन मोजून. गाळणीला भोक पडतंय का ते तिथे आधी दिसतं. सकाळची लघवी पुरते. ज्यांना शुगर किंवा ब्लडप्रेशर आहे त्यांनी ही तपासणी वर्षातून एकदा करावी. बहुतेक जण नुसतं क्रिएटिनिन करून घरी येतात.

मामा: आमचे गोखले हल्ली एक गोळी घेतात शुगरची. म्हणतात, तिच्यामुळे साखर लघवीतून जाते. मला तर ते उलटंच वाटलं. लघवीत साखर म्हणजे रोग ना?

मुक्ता: त्या गोळ्या मुद्दाम तेच करतात. नळीच्या सुरुवातीला साखर परत घेणारा दरवाजा असतो, सोडियमसोबत साखर ओढणारा. गोळी तो अडवते. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये एक द्रव्य काढलं होतं, त्याची ही सुधारलेली भावंडं. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं, साखर कमी करायचं आणखी एक औषध. मग मोठ्या चाचण्यांत दिसलं की किडनी टिकते. शुगर नसलेल्या किडनीच्या रुग्णांचीसुद्धा.

मामा: ते कसं?

मुक्ता: साखरेबरोबर मीठही परत येत नाही, पुढे जातं. नळी वर वळून आपल्याच गुच्छाला टेकते, तिथे मीठ चाखणाऱ्या पेशी आहेत. मीठ जास्त दिसलं की त्या आवकेची धमनी आवळतात. गुच्छातला दाब उतरतो. सुरुवातीला ईजीएफआर थोडा घसरतो, रुग्ण घाबरतात, पण पुढे वर्षानुवर्षं घसरण मंदावते.

मामा: थांब, थांब. म्हणजे गाळणं कमी केलं आणि परत घ्यायचं कामही कमी केलं, की यंत्र जास्त दिवस टिकतं. मी गेल्या तासभर दुसरं काय सांगतोय?

मुक्ता: कमी केलं, मामा. बंद नाही केलं. साखरेचा एक दरवाजा अडवलाय, तोही अर्धवट. सगळंच परत घेणं थांबलं तर मिनिटाला सव्वाशे मिलीलिटर बाहेर. तीन लिटर प्लाझ्मा किती वेळ पुरेल? करा गुणाकार.

मामा: भागाकार आहे हा. चोवीस मिनिटं.

मुक्ता: आणि सगळं गाळणंच थांबलं तर डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. दर वेळी शंभरहून जास्त लिटर द्रव लागतो, आणि त्यात मीठ, पोटॅशियम, कॅल्शियम रक्ताच्या बेतानं आधीच कालवून ठेवावं लागतं. कारण यंत्राला परत घ्यायचं काय ते कळत नाही. जे जाऊ द्यायचं नाही, ते दुसऱ्या बाजूला आधीच ठेवून द्यावं लागतं.

मामा: त्या द्रवाचं पाणी कुठलं? महापालिकेचं?

मुक्ता: महापालिकेचंच. आरओतून काढून. तुमचं क्लोरीन तसंच रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आधी कोळशाच्या फिल्टरमधून घ्यावं लागतं.

मामा: म्हणजे आम्ही घातलेलं औषध तुम्ही आधी काढून टाकता. बरं. आरओचं वाया जाणारं पाणी किती निघतं त्यात?

मुक्ता: खूप निघतं.

मामा: ते कुठे सोडता? गटारात ना? त्याचा मीटर लावलाय कुणी?